मिस्त्रीकाका, पहिल्या थराबद्दल आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

नवख्या हातांनी बागेतली अवजारांची खोली बांधायची, तर सगळं पहिल्या थरावर असतं, हे तुम्ही शिकवलंत. पहिल्यांदा थापी धरणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे आभार उघड लिहितो आहोत.

तुमचं खरं कसब आखणीतच दिसलं. 390 × 190 × 190 मिमीचा काँक्रीटचा पोकळ ब्लॉक 10 मिमी सांधा धरून 400 × 200 मोजायचा आणि खोली त्याच्याच पटीत आखायची: 3.2 मीटर लांब, 2.4 मीटर रुंद. दोन्ही कर्ण बरोबर 4 मीटर भरले की काटकोन जुळला. एका थराला 26 ब्लॉक, दहा थरांना 260. दोन ब्लॉक रुंदीच्या दाराचे 20 वजा, तुटीफुटीचे 12 अधिक, म्हणजे 252. तोडायचे ते फक्त दाराकडेचे अर्धे, एक थर सोडून एक.

पायाला 450 मिमी रुंद चर, तळ धुमसून त्यावर 150 मिमी जाडीचं 1:4:8 काँक्रीट (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू, आठ भाग खडी). सिमेंट साधारण अडीच पोती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जायचं.

पहिला थर आधी मालाशिवाय, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाशिवाय, मांडून बघायचा. मग चारही कोपरे पाण्याच्या नळीने एका पातळीत आणायचे, ओळंबा लावायचा आणि मधले ब्लॉक दोरीला धरून बसवायचे. इथे कोपरा 5 मिमी खाली राहिला, तर पुढचे थर सांधे जाड-बारीक करत ती चूक झाकण्यातच जातात. पोकळ ब्लॉकची जाड कडांची बाजू वर ठेवा, म्हणजे मालाला बसायला जागा मिळते, हेही तुमचंच सांगणं.

सर्वांत मोलाची सूचना मात्र पाण्याची. वीट भिजवतात, म्हणून ब्लॉकही भिजवायचा मोह होतो. ओला ब्लॉक वाळताना आकसतो आणि सांध्यांतून पायऱ्यांसारखे तडे जातात. म्हणून ब्लॉक निदान 28 दिवसांचे, वाळलेले घ्यायचे, पावसात ताडपत्रीखाली ठेवायचे. नंतर सांध्यांतला माल कडक होण्यासाठी 7 दिवस हलका शिडकावा पुरतो. भिंतीवर पाइप सोडायचा नाही.

माल 1:6 चा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), तासाभरात संपेल एवढाच. घट्ट झालेल्यात पुन्हा पाणी घातलं की ताकद गेली. दिवसाला पाच-सहा थर पुरे, नाहीतर वरच्या वजनाने खालचा ओला माल बाहेर येतो आणि भिंत ओळंबा सोडते.

दहाव्या थरावर चारही भिंतींवरून फिरणारा 150 मिमी उंचीचा काँक्रीटचा पट्टा, आत 10 मिमीच्या चार सळ्या आणि रिंगा. दारावर तोच लिंटेल, म्हणजे वरचं वजन पेलणारी आडवी तुळई, होतो. तिथला खालचा टेकू 14 दिवस काढायचा नाही. काँक्रीट ओलं असतानाच दर मीटरला छपराचा पत्रा धरणाऱ्या लोखंडी अँगलसाठी बोल्ट रोवायचे. पत्रा वाऱ्याने खालून उचलला जातो. नंतर भोकं पाडून पोकळ ब्लॉकमध्ये ठोकलेले खिळे ती ओढ सोसत नाहीत. हे बोल्ट तुम्ही वेळेवर आठवून दिलेत, त्याबद्दल विशेष आभार.

आपली ऋणी,
बागेतली मंडळी