सूचना : कुत्रं चावलं तर आधी नळ, मग दवाखाना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की,

कुत्रं, मांजर किंवा माकड चावलं वा ओरखडलं, तर रेबीज टाळण्यासाठी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावूनच, एरवी दोन मिनिटांत हात थांबतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा टाकीत तेवढं पाणी शिल्लक ठेवा. मग पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक औषध) लावा. हळद, चटणी, चुना अजिबात नको. जखम चिघळते आणि विषाणू आत नसांपर्यंत जायला मदत होते. घट्ट पट्टीही नको.

त्याच दिवशी सिव्हिल गाठा, रेबीजची लस मोफत आहे. दोन्ही दंडांत, कातडीत : ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा. शेवटचा डोस बरेच जण बुडवतात, तारीख कॅलेंडरवर आजच लिहा.

रक्त आलं असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, कारण लसीचा असर यायला आठवडाभर तरी जातो. डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पहिल्या लसीनंतर ७ दिवस उलटले की ते देत नाहीत. गरोदर बाई, तान्हं बाळ, कुणालाही लस चालते.

कुत्र्याला मारू नका, १० दिवस नजरेत ठेवा. पण त्यासाठी लस लांबवू नका.

घरी कुत्रं पाळणाऱ्यांनी पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस टोचावी, नंतर दरवर्षी. कार्डाची झेरॉक्स रविवारपर्यंत सोसायटी कार्यालयात द्यावी.

— सचिव