लहान विमानातली वीज गेली तर काय करायचं, हे आपल्या मुलांना करून दाखवलंय का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लहान विमानाची बातमी आली की सगळ्याच पेपरांत मथळा जवळपास ठरलेला असतो, हवेतच बिघाड, पायलटच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला, आणि खाली बातमीत कारण म्हणून 'इलेक्ट्रिकल फेल्युअर' एवढे दोनच शब्द. वाचणाऱ्याला वाटतं लाईट गेली म्हणजे इंजिन पण गेलं. मी बरीच वर्षं फ्लाइंग इन्स्ट्रक्टर म्हणून सेसना 152 आणि 172 वर मुलांना शिकवलंय. आज आपल्याकडे कितीतरी घरांतली पोरं-पोरी कर्ज काढून सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करायला जातात, त्यांच्या आईवडिलांनी अशी बातमी वाचली की त्यांचा जीव टांगणीला लागतो, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय पण प्लीज कापू नका.

पहिली गोष्ट, या जुन्या पद्धतीच्या पेट्रोल इंजिनांना स्पार्क देणारे दोन मॅग्नेटो असतात, ते इंजिनाबरोबर फिरतात आणि स्वतःची वीज स्वतः बनवतात, बॅटरीशी त्यांचा काही संबंध नसतो. ज्यांनी लुना चालवलीय त्यांना हे लगेच कळेल, बॅटरी नसली तरी गाडी चालायचीच. सेसनाचे पंख वर असतात त्यामुळे पेट्रोल पण आपोआप खाली इंजिनाकडे येतं. म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर गेला, मग बॅटरी संपली, तरी पंखा फिरतोय, विमान उडतंय, कंट्रोल सगळे पोलादी तारांनी आणि हातापायाने चालतात. स्पीड दाखवणारा काटा, उंची दाखवणारा काटा आणि होकायंत्र, यांना विजेची गरजच नाही. चाकाचे ब्रेक पण पायाच्या दाबाने चालतात.

मग जातं काय? रेडिओ जातो, रडारवर आपली ओळख पाठवणारा ट्रान्सपॉन्डर जातो, बाहेरचे दिवे जातात, फ्लॅप (उतरताना पंखाच्या मागून खाली येणारे पडदे) जातात कारण त्यांची मोटर विजेवर आहे, आणि पेट्रोलचे काटे शून्यावर येतात. हा शेवटचा प्रकार नवीन पोरांना सगळ्यात जास्त घाबरवतो. टाकी अर्धी भरलेली असते पण काटा शून्य दाखवतो आणि पोराच्या तोंडचं पाणी पळतं. त्याने अशा वेळी घड्याळ बघायचं असतं, किती वाजता उडालो, तासाला किती पितं, हिशोब डोक्यात पाहिजे.

पण वीज एका झटक्यात क्वचितच जाते, बहुतेक वेळा आधी अल्टरनेटर जातो आणि बॅटरी हळूहळू उतरत जाते, आणि खरा खेळ इथेच आहे. समोर लो व्होल्टेजचा लाल दिवा लागतो किंवा करंट दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा उणेकडे झुकतो, पण लँडिंगच्या आधीच्या गडबडीत, चेकलिस्ट, सर्किटमधलं (धावपट्टीभोवतीच्या फेरीतलं) ट्रॅफिक, कंट्रोल टॉवरशी बोलणं यात तो दिवा दिसतच नाही. आधी रेडिओत खरखर येते, मग समोरचा म्हणतो तुमचा आवाज तुटतोय, आणि तेव्हा कुठे लक्ष जातं, तोवर बॅटरी निम्मी गेलेली असते. दिवा दिसल्याबरोबर पुस्तकाप्रमाणे अल्टरनेटरचा स्विच एकदा बंद करून परत चालू करायचा, सर्किट ब्रेकर बघायचा, आला तर ठीक, नाही आला तर बंद करून टाकायचा आणि त्याच्या नादी लागायचं नाही. मग जे जे जास्त करंट खातं, लँडिंग लाईट, पिटो हीट (स्पीड मोजणाऱ्या नळीचा हीटर), दुसरा रेडिओ, सगळं ऑफ. आणि सर्वात महत्वाचं म्हणजे बॅटरीत जीव आहे तोवर टॉवरला सांगून टाकायचं की माझा अल्टरनेटर गेलाय, रेडिओ कधीही बंद पडेल, मी फ्लॅप न लावता उतरणार आहे. हे एक वाक्य वेळेवर बोललं की खालची माणसं तुमच्यासाठी धावपट्टी मोकळी ठेवतात, नाहीतर ते तुम्हाला हाका मारत बसतात आणि तुम्हाला ऐकू येत नसतं.

आणि मग जवळात जवळची धावपट्टी. घरची नाही, जिथे गाडी पार्क केलीय ती नाही, जवळची. हे मी इतकं ठासून का सांगतोय तर त्याला एक मोठं उदाहरण आहे. 11 ऑक्टोबर 1983 ला अमेरिकेत एअर इलिनॉयची फ्लाइट 710 रात्री स्प्रिंगफील्डहून कार्बनडेलला निघाली, विमान हॉकर सिडले 748, म्हणजे आपण ज्याला अ‍ॅव्हरो म्हणतो, आपल्याकडे एचएएलने कानपूरला बनवलं तेच. टेकऑफनंतर थोड्याच वेळात डावा जनरेटर गेला, आणि फर्स्ट ऑफिसरने चुकून उजवा, म्हणजे चांगला असलेला, जनरेटर वेगळा करून टाकला, तो परत लाईनवर आलाच नाही. स्प्रिंगफील्ड मागे अगदी काही मिनिटांवर होतं. विमानातून कंट्रोलरला थोडा इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम आहे असं सांगितलं गेलं आणि कॅप्टनने पुढे जायचं ठरवलं. बॅटरी सुमारे अर्धा तास टिकली, प्रवास त्याहून मोठा होता, बाहेर ढग आणि काळोख, विमान सरळ आहे की कललंय हे दाखवणारी यंत्रं बंद पडली आणि पिंकनीव्हिल गावाजवळ विमान कोसळलं. आतले दहाच्या दहा गेले. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेने, कारण म्हणून जनरेटर नाही लिहिला, परत न फिरता पुढे जाण्याचा कॅप्टनचा निर्णय लिहिला, आणि त्यामागे त्याने स्वतःच स्वतःवर घेतलेलं दडपण होतं असंही नोंदवलं. मला हा रिपोर्ट प्रत्येक स्टुडंटने वाचावा असं मनापासून वाटतं, कारण आपल्या पोरांवर पण तेच दडपण असतं, तास भरायचेत, क्रॉस कंट्री (लांबची फेरी) पूर्ण करायचीय, परत फिरलो तर सर काय म्हणतील. सरांनी शाबासकी द्यायची असते हो अशा वेळी!

आता फ्लॅपचं, कारण यात अनुभवी लोकांची पण गल्लत होते. बॅटरीत थोडी वीज शिल्लक आहे तर आत्ताच पूर्ण फ्लॅप खाली करून ठेवू, मग नको कटकट, असा विचार येतो आणि तो धोक्याचा आहे. फ्लॅप पूर्ण खाली असताना वीज संपली आणि ऐनवेळी धावपट्टीवर कुत्रं आलं, आपल्याकडे येतंच, तर न उतरता परत वर जायचं, म्हणजे गो अराउंड करायचं कसं? फ्लॅप वर यायला मोटर चालत नाही, आणि पूर्ण फ्लॅप लटकत असताना 152 सारखं छोटं विमान भर उन्हाळ्यात दोन माणसं घेऊन धड चढत नाही. म्हणून मी तरी मुलांना नेहमी हेच सांगत आलो की फ्लॅपला हातच लावू नका, तसेच उतरा. 172 ला फ्लॅपशिवाय 65 ते 75 नॉट्सच्या वेगाने यायचं, नाक थोडं वर राहतं, पुढचं नेहमीपेक्षा कमी दिसतं, विमान कमी उताराने येतं आणि धावपट्टीवर बराच वेळ तरंगत राहतं, जबरदस्तीने टेकवायचं नाही, धावपट्टी लांब आहे ना याची खात्री आधीच करायची. सेसनाचा स्टॉलचा भोंगा (वेग फार कमी होऊन पंखांची उचल जाण्याआधी सावध करणारा) हवेच्या ओढीवर वाजतो त्यामुळे तो वीज नसली तरी वाजतो, काही दुसऱ्या विमानांत मात्र तो विजेवर असतो, आपल्या विमानात काय आहे हे माहीत पाहिजे.

रेडिओ गेला की टॉवरवरून दिव्याने खुणा करतात. उडत्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत रहा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरायला परत या, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. दिवसा पंख हलवून समजलं असं कळवायचं. हे सगळ्यांना पाठ असतं, परीक्षेत मार्क मिळतात. पण भर दुपारच्या उन्हात हजार फुटांवरून तो दिवा कसा दिसतो, टॉवरकडे कधी आणि किती वेळ बघायचं, हे किती जणांनी डोळ्याने पाहिलंय? माझ्याकडे दुसरीकडून आलेली, बरेच तास झालेली मुलं यायची, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो दिवा कधीच पाहिलेला नसायचा, फ्लॅपशिवाय लँडिंग एखादवेळी लॉगबुकात सही मिळण्यापुरतं. हा मुलांचा दोष अजिबात नाही. आणि ट्रेनिंगच्या काही धावपट्ट्यांवर तर टॉवरच नाही, तिथे वरून फेरी मारून वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक बघायचा, खाली-वर कोण आहे ते बघायचं आणि आपलं आपण उतरायचं.

वर मी इंजिन चालूच राहतं असं म्हटलं, ते सगळ्या विमानांना लागू नाही हेही सांगितलंच पाहिजे. डिझेलवर चालणारी नवी डायमंडसारखी विमानं कॉम्प्युटरवर चालतात आणि त्या कॉम्प्युटरला वीज लागते. 2007 च्या मार्चमध्ये जर्मनीत श्पायरला दोन इंजिनांच्या एका डायमंड डीए 42 ची बॅटरी उतरलेली होती, बाहेरच्या सप्लायवर इंजिन सुरू करून ते उडालं, चाकं वर घेताना व्होल्टेज पडलं, दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रिसेट झाले आणि दोन्ही इंजिनं एकदम बंद. म्हणजे तिथे हवेतल्या निर्णयापेक्षा जमिनीवरचा निर्णय मोठा होता, बॅटरी मेलेली असताना बाहेरच्या सप्लायवर सुरू करून उडायचंच नाही. महाराष्ट्रात पण अशी विमानं ट्रेनिंगला वापरतात, त्यामुळे सेसनावर शिकलेला धडा तसाच्या तसा तिकडे नेऊ नका.

माझं म्हणणं दोन जणांना आहे. पालकांनो, अ‍ॅडमिशन घेताना फी, हॉस्टेल, विमानं किती हे विचारताच, त्याबरोबर एवढं विचारा की सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) आधी मुलाला फ्लॅपशिवाय आणि रेडिओशिवाय सर्किट करून दाखवता का, किती वेळा, आणि टॉवरचा दिवा दाखवता का. उत्तर अडखळत आलं तर दुसरीकडे पण विचारा. आणि जिथे टॉवर आहे तिथल्या कंट्रोलर मंडळींना विनंती, ट्रॅफिक कमी असेल तेव्हा ट्रेनिंगच्या विमानांवर दहा मिनिटं दिवा मारून दाखवा, आधी रेडिओवर ठरवून, इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असताना. याला पैसे लागत नाहीत, फक्त फ्लाइंग स्कूलने फोन करून वेळ मागायला पाहिजे.

आपला,
एक माजी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, पुणे