न्हीद जाली?

प्रिय बाय,

तुझं नाव लिहीत नाही. पत्र लिहिणार म्हटल्यावर "बरय, पूण म्हजें नांव नाका" (लिही, पण माझं नाव नको) असं तूच बजावलंस.

चवथीच्या आदल्या दिवशी मी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची आरास, बांधली. दरवर्षी हे काम दिराचं, पण यंदा तो बोटीवर, आणि नवऱ्याला स्टुलावर चढलं की गरगरतं. मग मीच चढले. हात डोक्याच्या वर धरून केवणीच्या दोऱ्यांनी नारळ, तोरिंगणं, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड असं एकेक बांधत गेले. अर्धा तास तरी गेला असेल. मध्येच पानांवरची धूळ नाकात गेली आणि सणसणीत शिंक आली. एक नाही, तीन. स्टुलावर उभी राहून मी तीनदा शिंकले आणि काही म्हणजे काही झालं नाही. मला हसूच फुटलं. खालून सासूबाई, "कित्याक हासता गो?" ज्यांनी दोन बाळंतपणं काढली आहेत त्यांना त्या शिंकेची किंमत सांगावी लागणार नाही. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

तुझ्या जिममध्ये येण्याआधीचं मी तुला तुकड्यातुकड्यांनीच सांगितलं आहे, म्हणून आज सलग सांगते. धाकटा सिझेरियनचा. सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी टाके बघितले, "सगळं छान, आता व्यायाम सुरू करा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटची फाईल उघडली. कोणता व्यायाम, हे विचारायला तोंड उघडेपर्यंत मी दाराबाहेर होते. घरीदारी प्रत्येकीचं निदान एकच: पोट बांधलं नाहीस म्हणून सुटलं. बँकेत एका सहकाऱ्याने मेरी कोमचा दाखला दिला. २००७ साली जुळी मुलं झाली आणि २००८ मध्ये बाई पुन्हा जगज्जेती! (हे तुला सांगितलं तर तू शांतपणे म्हणालीस, "ती बॉक्सर आसली. तूं बँकेंत.")

धाकटा चार महिन्यांचा झाल्यावर मी पहिली जिम धरली. आयुष्यातलीच पहिली. काचेचा दरवाजा, एसी, भिंतभर लोकांचे आधीचे आणि नंतरचे फोटो. तिथल्या सरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा काउंटरवरच्या मुलीला ओरडून सांगितला, "एकोणऐंशी!" मासळीबाजारात इसवणाचा भाव सांगतात तसा. मग म्हणाले, दोन महिन्यांत पूर्वीसारखी करून देतो. पूर्वीची मी त्यांनी कुठे बघितली होती देव जाणे. पहिल्याच दिवशी क्रंचेस आणि दोरीवरच्या उड्या. भात बंद, पेजेचं तर नावच काढायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सहाशे कॅलरी जास्तच लागतात, असं आपली आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदच सांगते. मला हे नंतर कळलं, सरांना अजून कळायचं असावं. चौथ्या दिवशी उड्या मारता मारता लेगिंग भिजली. आरसे चारी बाजूंनी. मागच्या मुलाने पाहिलं आणि शेजारच्याला कोपर मारलं. मी टॉवेल कमरेला गुंडाळून जिना उतरले, ती परत गेले नाही. तीन महिन्यांची फी अजून त्यांच्याकडेच आहे. 'पैसे परत मिळणार नाहीत' असं पावतीवर ठळक छापलेलं होतं. तेवढं मात्र त्यांनी खरं सांगितलं होतं.

म्हणून फेब्रुवारीत तुझ्या दारात उभी राहिले तेव्हा चपला काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, "मी उड्या मारणार नाही."

"कोणें सांगलां?" एवढंच म्हणालीस.

मॅटवर आडवं केलंस, गुडघे वर घ्यायला लावलेस, डोकं किंचित उचलायला सांगितलंस आणि माझीच बोटं बेंबीच्या वर ठेवलीस. तीन बोटं आत रुतली. मी घाबरले. तेव्हा तू समजावलंस की पोटाच्या दोन उभ्या स्नायूंच्या मधली पट्टी गरोदरपणात ताणली जाते, पुष्कळजणींची नंतर आपोआप बरीचशी आवळते, काहींची तशीच राहते. अशा पोटाने क्रंचेस मारले की मधोमध उंचवटा येतो. येत होता! मी त्याला चरबी समजून रोज आरशासमोर शिव्या घालत होते. आणि ती भिजलेली लेगिंग? ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. त्यांचे व्यायाम केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४८ मध्येच मांडून ठेवले आहेत. १९४८! माझी आजी पोर्तुगीज अमदानीत सात वेळा बाळंत झाली, तिला हे कुणी सांगितलं नाही हे मी समजू शकते. मला सांगायला काय झालं होतं?

तुझं लग्न नाही, मूल नाही, वय जेमतेम सव्वीस. हे सगळं तुला ठाऊक कसं, असं एकदा विचारलं तेव्हा ट्रॅकपँट वर सारून तू गुडघ्यावरचा व्रण दाखवलास. फुटबॉल खेळताना लिगामेंट तुटलेलं. त्यानंतर नऊ महिने भेटेल तो विचारायचा, मैदानावर कधी येतेस? दुखतं का, हे विचारणारा एकही नव्हता. एवढं सांगून तू डंबेल जागेवर लावायला निघून गेलीस.

मग काय काय केलं त्याची यादी देत नाही. पहिले पाच आठवडे श्वास, खुर्चीवरून उठबस आणि लादी पुसायच्या मॉपची काठी. शेजारी पोरं शंभर किलो ओढत होती आणि मी काठी धरून वाकायला शिकत होते. "वजनं न लावलेला रिकामा दांडाच वीस किलोचा असतो, घाई नाका," तू म्हणायचीस. तो रिकामा दांडा जुलैत जमिनीवरून उचलला. त्या दिवशी घरी जाताना पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, दोन उंडे (गोल पाव) जास्त घेतले आणि रस्त्यातच एक खाल्ला.

पण बाय, हे पत्र दांड्यासाठी नाही. ते त्या कार्डासाठी आहे.

तुझ्या जिममध्ये प्रत्येकाचं एक कार्ड असतं. माझ्या कार्डावर 'वजन' असा रकाना छापलेला होता, तो तू पहिल्याच दिवशी पेनाने खोडलास आणि वर 'झोप' लिहिलंस. त्यानंतर रोज सकाळी साडेसहाला तुझा पहिला प्रश्न ठरलेला: "न्हीद जाली?" झोप झाली? मी आकडा सांगायचा, तू लिहायचीस. चार. साडेपाच. तीन. आणि त्या आकड्यावरून त्या दिवशीचा व्यायाम ठरायचा. दोन मुलं झाली, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बाळ झोपतं का, हे सगळे विचारतात.

जूनमधली ती सकाळ. रात्रभर पाऊस, वीज गेलेली, धाकट्याला ताप आणि थोरलीला पहाटे उलट्या. मी आले ती व्यायामाला नव्हे. नवरा आणि सासूबाई दोघं उठली होती, त्यांच्या हाती पोरं देऊन तासभर घराबाहेर राहायला आले होते. तू विचारलंस. मी म्हटलं, "दीड तास," आणि मला रडू आलं. तू "अगंबाई" म्हटलं नाहीस, पाठीवर थोपटलं नाहीस. कोपऱ्यात दोन मॅट एकावर एक टाकलेस, टॉवेलची उशी केलीस आणि जाऊन गाणी बंद केलीस.

ती गाणी तू कधीच बंद करत नसायचीस. रोज त्यांच्यावरून त्या पोरांशी तुझं भांडण. पण तू बोट तोंडावर ठेवलंस आणि एरवी डंबेल धाडकन टाकणारी ती धटिंगण पोरं डंबेल अशी ठेवू लागली की जणू टोपलीत अंडी. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी झोपले.

जागी झाले तेव्हा अंगावर तुझं जॅकेट होतं. त्याला घामाचा आणि मुव्हचा वास येत होता. माझा व्यायाम झालाच नाही म्हणून मी ओशाळून काहीतरी पुटपुटले. तू कार्ड पुढे केलंस. त्या दिवसाच्या ओळीत लिहिलं होतं: 'झोप, ४० मिनिटं. पूर्ण.' आणि पुढे बरोबरची खूण.

त्या खुणेवर मी पुढचा आठवडा काढला, हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

त्या पोरांनाही सांग. त्यांची नावं मला अजून येत नाहीत, पण त्या दिवसापासून मी माणसांची एक वेगळीच मोजदाद करू लागले. कडेवर मूल घेऊन धावणारी बाई दिसली की बस थांबवून ठेवणारा कदंबचा कंडक्टर. दाराशी बाळ झोपलंय असं एकदा सांगितल्यावर आमच्या वळणावर भोंपू न वाजवणारा पोदेर. बँकेत टोकन पुढचं असूनही म्हातारीला आधी जाऊ देणारा. यातलं कुणी स्वतःला थोर समजत नाही. चार हजारांची फी घेऊन आकडा ओरडणारा मात्र समजतो, भिंतीवर फोटोसुद्धा लावतो. असो. सणासुदीला त्याचं नाव कशाला.

नेवऱ्यांचा डबा पाठवते आहे. मोजून खा असं म्हणायची सोय नाही, तूच मला मोजायला शिकवलं नाहीस. माझी निळी बाटली तुझ्या कपाटात राहिली आहे, राहू दे. सोमवारी साडेसहाला येते.

धाकट्याच्या दाढा येताहेत. काल सव्वाचार तास.

तुझी,
मॉपवाली ताई