नेत्रशिबिर आणि दिव्यांग साहाय्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाचं नेत्रशिबिर यंदाही दसरा-दिवाळीच्या मध्ये घ्यायचं ठरलंय. पहिल्या शिबिराला रुग्ण आणायला गाडी नव्हती, तेव्हा सांगलीच्या गणपती पेठेतल्या आपल्या हळदवाल्या शेठजींनी टेम्पो धुऊन, सतरंज्या अंथरून दिला. तरी जतच्या आज्यांची लुगडी पिवळी झाली ती झालीच! महिला मंडळाच्या वहिनींनी भिशीतून नातेवाइकांची पिठलं-भाकरी सांभाळली, आजही सांभाळतात. २०१९ च्या महापुरात कुबड्या, रजिस्टरं, तपासणीचा तक्ता, सगळं गेलं. तेव्हा मिरजेच्या आपल्या डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्यातला तक्ता काढून आणला आणि खिळाही स्वतःच ठोकला. या मंडळींचे उपकार फिटायचे नाहीत.

“ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट होतं, मग वर्गणी कशाला?” असं तोंडावर विचारणारे आहेत. होतं फुकट. पण आटपाडीहून म्हाताऱ्या माणसाला आणायचं, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो, नंतरचे थेंब, काळा चष्मा, फेरतपासणीला पुन्हा एसटी. रुग्ण गळतात ते इथं. मोतीबिंदू पिकायची वाट बघणारे अजून आहेत, आणि काचबिंदूत गेलेली नजर तर परत येतच नाही.

यंदा ऊसतोड मजुरांना संरक्षक चष्मे द्यायचेत, तेही कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत. उसाचं पातं बुबुळाला लागतं, घरी दूध नाहीतर मध घालतात, जखमेत बुरशी धरते आणि धडधाकट माणसाचा डोळा जातो. दिव्यांगांचे यूडीआयडी कार्डाचे (म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राचे) अर्ज भरून देणं चालूच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आलेत, घरच्यांना पत्ताच नसतो.

गेल्या वर्षी पत्रं घरोघर नेऊन दिली. “बघतो, कळवतो” म्हणालेल्यांचे निरोप अजून यायचेत. उद्घाटनाच्या फोटोत मात्र दाटी होती. असो.

रोख, चेक, क्यूआर काहीही चालेल, रक्कम कितीही. कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, रविवारी बंद. पावती घ्यावीच. गाडी देणाऱ्यांनी आधी सांगावं. रुग्णांची नावनोंदणी नवरात्रात; आधार, रेशनकार्ड, शुगरचा रिपोर्ट, चालू गोळ्या आणाव्यात.

आपला,
सचिव

ता. क. : वापरलेले चष्मे कृपया देऊ नयेत, नंबर जुळत नाहीत. कुबड्या, वॉकर, तीनचाकी मात्र जरूर द्या. मोडकी असली तरी दुरुस्त करून घेऊ.