तुझी पांढरी गिटार सापडली

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

तुझी पांढरी गिटार सापडली. नंदगडचा एक पोरगा दुरुस्तीला घेऊन आला. "काका, हमिंग फार येतंय, तारांचा आवाज पकडणारे पिकअपच बदलून टाका," म्हणाला. बॅगेची चेन उघडली आणि माझा हात थांबला. जॅकच्या बाजूचा तो टवका मी कुठंही ओळखीन. तरी वरची प्लास्टिकची पाटी, पिकगार्ड, उघडून बघितलं. आत लाकडात तू कंपासच्या टोकानं कोरलेलं 'बा' तसंच आहे. त्याच्याआधी ती कुणाकडे होती, पोराला ठाऊक नाही. तुझ्याबद्दल मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही.

आईचे गुडघे तसेच, माझी बीपीची गोळी चालू आहे. बाकी ठीक.

आता मुद्द्याचं. दोन वेगवेगळे आवाज एकात मिसळले होते. एक ती किरकिर. तारांना हात लागला की ती कमी व्हायची, म्हणजे तारा जिथं टेकतात त्या ब्रिजखालची अर्थची वायर शाबूत होती आणि कमी होती ती शिल्डिंगची. आतल्या खाचा नुसत्या लाकडाच्या, झाकायला काहीच नाही. सगळीकडे कॉपर टेप लावली, पिकगार्डच्या मागंही. जोडांवर डाग दिले, मल्टीमीटरनं प्रत्येक तुकडा तपासला आणि सगळं अर्थला जोडलं. किरकिर जवळजवळ गेली.

पण ती खालची गुणगुण हटेना. ती तांब्याला जुमानत नाही रे. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबचा चोक, मोटर, यांचं पन्नास हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्या पातळ टेपमधून सरळ आत शिरतं. पिकअपमध्ये केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे, गिटारच्या तारेचं कंपन पकडायला गुंडाळलेले. तेच वेढे हेही पकडतात. वडगावच्या बाजूला यंत्रमाग सुरू असले की इथं दुकानात आणखी वाढतं. गिटार हातात धरून मी खुर्चीवर हळूहळू फिरलो. एका कोनात गुणगुण एकदम खाली येते. गल्लीच्या गणपतीत तू अख्खा कार्यक्रम लोकांकडे खांदा करून वाजवलास, आठवतं? सुऱ्याला वाटलं तू रुसलास. तुला तो कोन तेव्हाच सापडला होता, तू फक्त कुणाला बोलला नाहीस. आणि सुऱ्याचं ते, "पन्नास हर्ट्झ म्हणजे जवळजवळ जी, सगळी गाणी जीमध्ये बसवा, तानपुरा फुकट!" मी पोराला सांगितलं तर तो पोट धरून हसला.

एक गोष्ट ऐकून मात्र माझं डोकं तापलं. कुणीतरी त्याला सांगितलंय, अँपच्या प्लगची अर्थची पिन मोडून टाक, हमिंग जातं. अरे, तारा त्याच अर्थला जोडलेल्या असतात! अँपमध्ये काही बिघडलं तर वीज थेट बोटांत येते, आणि ओठ माईकला टेकलेले. मंडपात तुला बसलेला तो झटका मी विसरलेलो नाही. पोराला समोर बसवून दोनदा बजावलं, आणि अँप व पेडल एकाच बोर्डवर लाव म्हणालो. वेगवेगळ्या जागी अर्थ मिळाला की त्याचाही हम येतो.

मग त्याला विचारून आणखी एक केलं. तिन्ही पिकअप एकाच दिशेनं गुंडाळलेले होते. खाली सिरॅमिकची पट्टी असते ना, मधल्या पिकअपची ती पट्टी उलटी केली आणि त्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली. आता स्विच दोन आणि चारवर ठेवला, म्हणजे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र लावला, की त्यांच्या दोन कॉइल, म्हणजे ते वेढे, एकमेकांचा हम खातात, तारांचा आवाज मात्र जुळून येतो. सेथ लव्हरनं गिब्सनसाठी 1955 मध्ये ज्या हंबकरच्या, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपच्या, पेटंटचा अर्ज केला, त्यातलं तत्त्व हेच. दोन नंबरवर वाजवून बघितलं. इतकी शांत ती आपल्या हातात कधीच नव्हती, बाळ्या.

आता माझी खरी अडचण. पोरगा डिस्टॉर्शनचा फाटका आवाज लावून वाजवतो, ब्रिजच्या पिकअपवर एकट्यावर. तिथं गुणगुण आहेच, आणि गेन वाढवला की तीही वाढते. त्याला मोठा हंबकर हवा. म्हणजे पिकगार्ड कापायचं, लाकूड कोरायचं, नेमकं तिथंच जिथं तुझा 'बा' आहे. मी म्हणतो, सिंगलच्याच जागेत बसणारा दोन कॉइलचा रेल पिकअप ब्रिजला टाकू, लाकडाला हात लावायचा नाही. दांड्याकडचा, नेकचा, आहे तसा ठेवू. तो काचेसारखा स्वच्छ आवाज दोन कॉइलमध्ये येत नाही, भरीव होतो, वरचा तजेला जातो. पण गिटार त्याची आहे. पैसे त्यानं मोजलेत. मी तुझ्यासाठी हट्ट धरतोय की त्याच्या भल्यासाठी, हे मला ठरवता येत नाही, म्हणून झोप येत नाही.

ती विकलीस तेव्हा मी तुझ्याशी भांडलो होतो. ताईच्या लग्नासाठी विकलीस, हे मला सुऱ्याकडून कळलं. विकल्याचा राग कधीच गेला. मला सांगितलं नाहीस, ते अजून सलतं.

तुझं नवं ऑफिस कसं आहे? चिरंजीवांची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर कुंदा पाठवतो.

पोरगा शनिवारी येणार आहे. त्याआधी फोन कर आणि स्पष्ट सांग, ब्रिजला रेल टाकू की लाकूड कोरू. आणि तुझं नाव त्याला सांगू का, तेही. दोन नंबरवर वाजवून फोनवर ऐकवीन.

तुझा,
पिंट्या