तुझं दूध का फाटलं

नाशिक,
जानेवारी, रात्रीचे साडेदहा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "पोरासाठी हळदीचं दूध केलं आणि ते फाटलं," आणि मी हसलो. तुला राग आला हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. तुला नाही रे हसलो. पातेल्यात जे जे बिघडू शकतं ते सगळं गेल्या काही वर्षांत मी स्वतः बिघडवून बसलोय, त्यामुळे जातभाई भेटल्यासारखं वाटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तू अर्धं वाचून अंगठा दाखवतोस, म्हणून आज कागद घेतला.

थंडी यंदा बरी आहे. निफाडचा पारा किती उतरला हे सकाळी पेपरात आधी वाचायचं आणि मग आपल्याला थंडी वाजायला लागायची, ही आपली सवय काही सुटत नाही. मामाकडे बागेत पहाटे शेकोट्या पेटवतायत, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. तुमच्या गुरुग्रामच्या मानाने हे काहीच नाही म्हणशील, पण फरशीवर पाय ठेवला की कळतं.

तर दूध. तू काय केलं असशील ते सांगतो. ओलं आलं किसलंस, ते कोमट दुधात घातलंस आणि मग पातेलं गॅसवर चढवलंस. बरोबर? ओल्या आल्यात एक एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. साठ-सत्तर अंशांच्या आसपास त्याला सगळ्यात जास्त जोर येतो आणि तू त्याला नेमकं तेवढंच ऊन दिलंस. चीनच्या दक्षिणेला लोक मुद्दाम असं करतात, आल्याच्या रसावर गरम दूध ओतून खरवसासारखं काहीतरी विरजतात. म्हणजे तुझं फसलेलं दूध तिकडे पक्वान्न म्हणून खपलं असतं. उकळी आली की हे एन्झाइम मरतं. म्हणून आलं आधी अर्धा कप पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळ उकळायचं, मगच दूध. चहात आपण रोज तेच करतो, फक्त कारण माहीत नसतं. नाहीतर सरळ सुंठ वापर, ती फारसा त्रास देत नाही.

दुसरा संशयित गूळ. तू गूळ घातला होतास का हे विचारायचं राहिलं. घातला असशील तर तो उकळत्या दुधात कधीच नको. गूळ थोडा आंबट अंगाचा असतो, दूध तापलेलं असताना पडला की कधी चालून जातं आणि कधी चोथा-पाणी वेगळं. गॅस बंद कर, दूध पिता येईल इतकं निवू दे, मग कपात गूळ घालून ढवळ. आई तर म्हणते, हळदीच्या दुधाला गूळ हवाच कशाला, खडीसाखर दे.

हळदीचं तंत्र एवढंच: अर्धा चमचा तूप तापवायचं, त्यात पाव चमचा हळद आणि दोन मिरे ठेचून घालायचे, हळदीचा कच्चा वास गेला की लगेच कपभर दूध. हळद करपायला पाच सेकंद लागतात, तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेव. दोन-तीन मिनिटं उकळू दे, गाळ आणि दे.

मिऱ्यांबद्दल तुला कोणीतरी सांगेलच की त्याने हळद वीस पट लागू होते. ते खोटं नाही. 1998 साली बंगळुरूच्या डॉक्टरांनी तसं मोजलं होतं. पण त्यांनी माणसांना दिलं होतं तब्बल 2 ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, नुसता. तुझ्या पाव चमचा हळदीत ते जेमतेम वीस-पंचवीस मिलिग्रॅम भरेल. तेव्हा ऊन ऊन घशाखाली जातं, पोराला बरं वाटतं, आजी जवळ बसल्यासारखी वाटते, यासाठी दे. खोकला आठवड्यावर गेला तर दूध राहू दे आणि डॉक्टर गाठ.

आता मसाला दूध. तू फोनवर ओझरतं विचारलंस, पण मला खरं लिहायचं होतं ते याबद्दलच.

आठवतं का, कॉलेजात असताना सेकंड शो सुटला की आपण जुन्या गावात त्या कढईवाल्याकडे जायचो? केवढी ती लोखंडी कढई, दूध संध्याकाळपासून आटत असलेलं, कडेला सायीची जाड किनार. तो पेल्यातून पेल्यात हातभर उंचीवरून दूध ओतायचा, आणि शेवटी पळीने कडेची साय ओढून वर ठेवायचा. त्या दुधात मसाला जवळजवळ नव्हताच, भो! थोडी वेलची, थोडी साखर, बस. आपल्याला तेव्हा वाटायचं की त्याच्याकडे काहीतरी गुप्त पुडी असणार. मलाही ती पुडीच शोधायची होती, म्हणून मी वर्षानुवर्षं बाजारातल्या तयार मसाल्याचे डबे आणत राहिलो आणि दर वेळी लागायचं ते पिवळं, गोड, सेंटचा वास येणारं पाणी. मसाला दूध बिघडतं ते मसाल्यानेच. माणसं दूध आटवायचा कंटाळा करतात आणि ती उणीव डब्याने भरून काढायला जातात.

आमच्या सोसायटीची 2023 ची कोजागिरी तुला सांगितली नाही बहुतेक. 28 ऑक्टोबर, शनिवार, आणि त्याच रात्री चंद्रग्रहण. ग्रहण लागणार रात्री एक वाजून पाच मिनिटांनी, पण वेध दुपारी चारपासून. झालं! अर्धे म्हणाले वेधात दूध नको, अर्धे म्हणाले तुळशीचं पान टाका आणि प्या, तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले दोन्ही नको, उद्या करा. तासभर मीटिंग. तीस लिटर दूध येऊन पडलेलं. शेवटी तोडगा निघाला की चारच्या आत करून चारच्या आत प्यायचं. दूध आटवायची जबाबदारी माझ्याकडे. अडीच वाजले होते.

मोठी शेगडी, पूर्ण ज्योत, भाड्याचं पातळ बुडाचं पातेलं. वीस मिनिटांत तळाशी लागल्याचा वास आला. आता इथे लक्ष दे, कारण हे तुझ्याकडेही होणार आहे. दूध खाली लागलं की खरवडायचं नाही. गॅस बंद करायचा, तळाला धक्का न लावता वरचं दूध दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं, बहुतेक वेळा ते वाचतं. मी काय केलं? घाबरून उलथन्याने तळ खरवडला. काळे-तपकिरी पापुद्रे तीस लिटरभर पोहायला लागले. मग तो वास झाकायला कोणीतरी मसाल्याचा अख्खा डबा ओतला, मग आणखी एक.

साडेतीन वाजता, ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात, गच्चीवर छत्री घेऊन आम्ही कोजागिरीचं दूध प्यायलो. करपलेलं. कोणी एक शब्द बोललं नाही, हेच जास्त लागलं. फक्त धाकटी म्हणाली, "बाबा, चंद्र कुठाय?" 'को जागर्ति' म्हणजे कोण जागं आहे असं लक्ष्मी विचारते म्हणतात. त्या दिवशी विचारायला आली असती तर अख्खी सोसायटी जागी सापडली असती, पण वामकुक्षीच्या वेळी. तिकडे सप्तशृंगीच्या गडावर लोक कावडी खांद्यावर घेऊन रात्रभर चालत येतात, आणि आम्हाला तीस लिटर दूध धड आटवता आलं नाही.

त्यानंतर मी आईसमोर शरण गेलो. तिने पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे पातेलं. तिचं लग्नातलं पितळी पातेलं माळ्यावर होतं, आतली कल्हई उडालेली. ते भांडी बाजारात घेऊन गेलो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ज्या गल्ल्यांत गोदा शिरते, त्याच त्या. कल्हईवाला मिळेल याची खात्री नव्हती, मिळाला. त्याने पातेलं भट्टीवर चिमट्याने फिरवलं, लाल व्हायच्या आत नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर भसकन वर आला, आणि कथलाची कांडी नुसती टेकवली. थेंब वितळला न वितळला तोच कापसाच्या बोळ्याने त्याने तो असा फिरवला की पिवळा तळ बघता बघता चांदीचा झाला. मग पाण्यात चर्रर्र. मी दहा मिनिटं उगाच उभा राहिलो. तुझ्याकडे असं भांडं नसेल, जाड बुडाचं स्टीलचं चालेल. पण कधी कल्हईचं घेतलंस तर रिकामं गॅसवर ठेवू नकोस, कथील 232 अंशांनाच वितळतं.

आईची कृती अशी. एक लिटर दूध, फुल क्रीम पिशवीचं (सहा टक्के स्निग्धांश लिहिलेलं बघ) किंवा म्हशीचं. पातेल्यात आधी दोन चमचे पाणी फिरवून घे, मग दूध, म्हणजे तळाशी लवकर धरत नाही. पहिली उकळी आली की आच मंद कर. आता लाकडी कालथ्याचा दांडा उभा बुडवून दुधाची रेघ कुठवर आली ते पेन्सिलीने खूण कर. ती खूण पाव हिश्शाने खाली आली की झालं. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्यात काहीही जलद करता येत नाही. कडेला धरलेली साय दर थोड्या वेळाने सोडवून आत ढकलत राहायची, दाटपणा तिथून येतो.

दूध आटतंय तोवर बाकीचं. दहा-बारा बदाम गरम पाण्यात टाकून सोलायचे, आठ-दहा पिस्ते, दोन्ही जाडसर भरड. मिक्सर फार वेळ फिरवलास तर तेल सुटून गोळा होतो. चारोळी घालायची तर आधी एक दाणा चावून बघ, फार पटकन खवट होते, आणि एक खवट चारोळी अख्खं पातेलं घालवते. केशराच्या पंधरा-वीस काड्या किंचित गरम करून वाटीभर ऊन दुधात भिजव. टाकल्या टाकल्या लालभडक रंग सोडून काडी पांढरी पडली तर दुकानदाराने फसवलंय. खरं केशर रंग सोडायला वेळ घेतं.

भरड आणि केशर अर्ध्या वाटेवर. साखर शेवटच्या पाच मिनिटांत, पाच-सहा चहाचे चमचे. ती पडली की दूध पुन्हा थोडं पातळ दिसतं, घाबरू नको. वेलची गॅस बंद करताना, सहा दाणेदार वेलदोडे ताजे कुटून. आधी घातलीस तर वास सगळा स्वयंपाकघराला मिळतो आणि दुधाला काहीच नाही. आणि जायफळ सहाणेवर मोजून चार वळसे. मी एकदा हौसेने दहा दिले, दूध कडू झालं, आणि आई म्हणाली, "मसाल्याने पाहुण्यासारखं यावं. घर दुधाचं आहे."

आता माझ्याकडे रोज रात्री बाबांसाठी एक कप होतं. ते पहिला घोट घेऊन काही बोलत नाहीत, पण पेला रिकामा परत येतो. एकदा साय गाळून दिली तर परत पाठवला.

पुढच्या आठवड्यात धाकटा भाऊ कामासाठी दिल्लीला येतोय. त्याच्याबरोबर अर्धं जायफळ, थोडी वेलची आणि चारोळी पाठवतो. केशर तुझं तू घे, बघून. आणि 2014 च्या दिवाळीत तू चिवडा नेलेला तो झाकणाचा पितळी डबा त्याच्याच हाती परत पाठव. आई अजून विचारते.

तुझा,
खरवडणारा मित्र