उलटा पडलेला पंजा तुम्ही सरळ केलात

डॉक्टर मॅडम,

हे पत्र महिन्याभरापूर्वीच लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या की डोळे भरून यायचे आणि कागद तसाच राहायचा. आज पूर्ण करतेच.

तुमच्याकडे आलो तेव्हा आमचा कुत्रा भुऱ्या आठ महिन्यांचा होता आणि त्याला उचलून आणावं लागलं होतं. मागचे पाय लटपटत होते. जबडा आणि डावा पुढचा पाय ठराविक तालात उडत होते, अगदी झोपेतसुद्धा. त्याआधी ज्यांच्याकडे गेलो होतो, त्यांनी त्याला टेबलावर उभं केलं, मागचा एक पंजा उलटा करून ठेवला, तो त्याने सरळ केला नाही एवढं पाहिलं आणि हात धुवायला वळले. पाठमोरेच म्हणाले, "डिस्टेंपर मेंदूत गेलाय. झोपवून टाका." डिस्टेंपर म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार. पंजा तसाच उलटा होता. त्यावर भार टाकून भुऱ्या माझ्याकडे बघत उभा होता.

तुम्हीही तीच तपासणी केलीत. पण टेबलावर त्याचे पाय घसरतात हे बघून तुम्ही त्याला खाली घेतलंत आणि स्वतः फरशीवर बसलात. पंजा उलटा ठेवलात आणि थांबलात. मनातल्या मनात आकडे मोजत होतात, ओठ हलताना मला दिसत होते. सातपर्यंत थांबलात. त्याला जमलं नाही. मग तुम्ही तळव्याखाली हात घालून तो पंजा उचललात, सरळ केलात, बोटं नीट जमिनीला टेकेपर्यंत हात काढला नाहीत. आणि म्हणालात, "असू दे रे राजा, तुझा निरोप उशिरा पोचतोय." हे तुम्ही मला नाही, त्याला म्हणालात. मी त्या दिवसात पहिल्यांदा रडले ती तिथे.

निरोप उशिरा का पोचतो, हे तुम्ही नंतर सांगितलंत. मज्जातंतूवर मायलिनचं वेष्टन असतं, बरंचसं स्निग्ध पदार्थांचं, थरावर थर गुंडाळलेलं. मध्ये मध्ये बारीक फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उडी मारत जातो. म्हणून काही तंतूंमधून तो सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेगाने धावतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंमध्ये हाच वेग मीटरभर. पण जिथे वेष्टन असायला हवं तिथूनच ते गेलं, तर संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच विरतो. पंजा उलटा पडलाय ही बातमी मेंदूला वेळेत कळत नाही, किंवा कळतच नाही. कुत्रा हट्टी झालेला नसतो, आळशी झालेला नसतो.

मी तुम्हाला विचारलं होतं की महिन्यापूर्वी त्याचा खोकला, ताप, डोळ्यांतली घाण सगळं बरं झालं होतं, मग हे कुठून आलं? माझंच काही चुकलं का? या प्रश्नाला आधी मिळालेलं उत्तर होतं, "तुम्ही लक्ष दिलं नाही." तुम्ही मात्र माझ्याकडे बघून सांगितलंत की डिस्टेंपरचा विषाणू गोवराच्या विषाणूचा भाऊबंद, तो आधी प्रतिकारशक्तीच्या पेशींनाच धरतो आणि शरीराचा पहारा ढिला पडला की मेंदूत शिरतो. मायलिन तयार करणाऱ्या पेशींमध्ये तो फारसा वाढतही नाही, तरी त्या आजारी पडतात आणि वेष्टन गळायला लागतं. तेव्हा तिथे सूजही नसते. पुढे प्रतिकारशक्ती सावरते, लढणाऱ्या पेशी मेंदूत येतात, आणि विषाणूला मारण्याच्या धुमश्चक्रीत शेजारचं मायलिनही होरपळतं. म्हणजे बाहेरून तो बरा होत होता, त्याच दिवसांत आत हे चाललं होतं. "हे घरात बसून कुणालाच दिसलं नसतं," हे तुमचं वाक्य मी अजून रोज एकदा आठवते.

चुकलं होतं ते वेगळंच. भुऱ्या दीड महिन्याचा असताना त्याला डिस्टेंपरची एक लस टोचली गेली आणि "झालं, आता काळजी नको" असं सांगितलं गेलं. आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, पिल्लाच्या अंगात असतात तोवर ती लसीलाच निष्प्रभ करू शकतात, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांनी डोस देत राहावं लागतं, हे आम्हाला तुमच्याकडे कळलं. खूप उशिरा. एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? पुढचा डोस अमुक तारखेला, एवढंच. त्या एका वाक्याचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

तुम्ही खोटी आशा दिली नाहीत. या विषाणूवर नेमकं औषध नाही, झटके आयुष्यभर राहू शकतात, काही कुत्री सावरतात आणि काही खालावत जातात, आणि त्याला सोसवेना असं झालं तर आपण त्याच दिवशी बोलू, हे सगळं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. "आपण" म्हणालात. मायलिन थोडंफार पुन्हा चढू शकतं, मात्र पहिल्यापेक्षा पातळ, हेही तेव्हाच सांगितलंत.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत सुटले. आइसलंडमध्ये १९३३ साली बाहेरून आणलेल्या काराकुल जातीच्या मेंढ्यांबरोबर एक विषाणू आला आणि तिथल्या मेंढ्या लुळ्या पडून झिजत गेल्या. तिथल्या भाषेत त्या रोगाला 'विस्ना' म्हणतात, म्हणजे कोमेजणं. तिथले संशोधक ब्योर्न सिगुर्डसन यांनी त्या मेंढ्यांवरून १९५४ मध्ये 'संथ संसर्ग', म्हणजे शरीरात शिरल्यावर फार हळू वाढत जाणारा संसर्ग, ही कल्पना मांडली. विषाणूंचे अभ्यासक मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात उंदरांमध्ये शोधलेला विषाणूही मज्जारज्जूत ठाण मांडून मायलिन उतरवतो. वाचताना सारखं मनात यायचं, की पाय ओढत चालणाऱ्या एका मेंढीपाशी, एका उंदरापाशी कुणीतरी थांबलं, नीट बघितलं, म्हणून हे आज कळतंय. थांबणारी माणसं थोडी असतात. ज्ञान पुष्कळांकडे असतं. आधीच्या डॉक्टरांकडेही होतं, निदान त्यांचंही बरोबरच होतं. पण मुक्या जनावराचा पाय उलटा पडलाय तो आधी सरळ करावा, मग बोलावं, हे त्यांना सुचलं नाही आणि तुम्हाला न सांगता सुचलं.

भुऱ्या आता चालतो. वळताना कलंडतो, जबडा अजून उडतो, फिट मात्र आलेली नाही. रोज रात्री मी तुमच्यासारखी जमिनीवर बसून त्याचे मागचे पंजे उलटे करून बघते. उजवा तो दोन मोजायच्या आत सरळ करतो. डावा अजून मीच करते, तळव्याखाली हात घालून, बोटं टेकेपर्यंत.

तुमची,
भुऱ्याची आई